इकोचा नॉब आणि वैतरणेचा पूल

वाटी हातातून निसटून फरशीवर पडली की लगेच गप्प होत नाही. आधी सावकाश डोलते, ठण… ठण… मग ठोके जवळजवळ येतात, भराभर पडायला लागतात, एकमेकांत मिसळून त्यांची सलग किणकिण होते. ती किणकिण वर वर चढते आणि टोकाला जाऊन एकदम तुटते. आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती. मी मुद्दाम वाट्या पाडायचो आणि आजीचे धपाटे खायचो, कारण तो आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकायचा असायचा. पुढे वीस-बावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत साउंडवर बसलो, तेव्हा कळलं की हाच आवाज यंत्रातून काढायचा तर काय काय करावं लागतं.

आमचं घर वैतरणा स्टेशनपासून चालत पंचवीस मिनिटांवर, खाडीच्या अंगाला. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. डहाणूपर्यंत लोकलही नव्हती, ती २०१३ साली आली. तोवर आमची सगळी भिस्त शटलवर. शटल चुकली की पुढचे दोन-तीन तास स्टेशनातच. त्या वेळात करायचं काय? पुलावरून जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस ऐकायच्या.

वैतरणेवर रेल्वेचे दोन पूल, ९२ आणि ९३ नंबरचे. दोन पुलांच्या मधे बेटावर वाढीव गाव. वाढीवकरांना बाहेर पडायचं तर पुलावरून, रुळांच्या कडेने चालत स्टेशन गाठायचं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी असा जीव मुठीत धरून प्रवास केला. माझा शाळेतला दोस्त तिथलाच. गाडी दिसायच्या आधी त्याला तिची चाहूल लागायची. लोखंडातून आवाज हवेच्या चौदा-पंधरा पट वेगाने धावतो, म्हणून रूळ आधी बोलतो आणि हॉर्न नंतर ऐकू येतो. दोस्त मला सांगायचा, "हॉर्न नीट ऐक. येताना ताठ असतो, समोरून गेला की बसतो."

तो बसणारा हॉर्न मी शेकडो वेळा ऐकला. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी हॉर्न वाजवत समोरून गेली, तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरात जवळजवळ तीन अर्धस्वरांचा फरक पडतो. कोमल गंधारावरून थेट षड्जावर उतरावं, इतका. कारण सरळ आहे. गाडी जवळ येते तसा तिच्या आवाजाला आपल्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ क्षणाक्षणाला कमी होतो. हा वेळ कमी होत असतो तोवर सूर चढा, वाढत असतो तोवर उतरलेला. शाळेत याला डॉप्लर परिणाम म्हणून चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण उशीर आणि सूर ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे माझ्या हाताला कळलं ते इको मशीनवर.

१९८४ साली मी पालघरच्या एका ऑर्केस्ट्रात लागलो. आधी वायरी गुंडाळायच्या, कर्णे झाडावर बांधायचे, मग हळूहळू मशीनजवळ बसायला मिळालं. मालकांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं स्पेस इको आणलं होतं, रोलंड कंपनीचं आरई-२०१. हे मॉडेल १९७४ चं. हिरवट-काळी पेटी, वरती झाकण. झाकण उघडलं की आत फीत दिसायची, पण कॅसेटसारखी चाकावर गुंडाळलेली नाही. एका चपट्या कप्प्यात ती शेवयांसारखी मोकळी पसरलेली असायची. दोन टोकं जोडून केलेली एकच माळ, गोल गोल फिरणारी. एक हेड आवाज लिहायचं, पुढची तीन हेडं तो ओळीने वाचायची, आणि मिटवायचं हेड फीत पुन्हा कोरी करायचं. कार्यक्रमाआधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेडं पुसायची हे माझं काम. बोळ्यावर फितीची तपकिरी पूड यायची. तो स्पिरिटचा आणि तापलेल्या मोटरचा मिसळलेला वास आजही नाकात आहे.

याचं गणित अगदी घरगुती. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावते आणि वाचणारं हेड लिहिणाऱ्या हेडपासून ५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. मग माईकवरचा "नमस्कार" पाव सेकंदाने पुन्हा ऐकू येईल. तोच परत आलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे पाठवला, की "स्कार… स्कार… स्कार…" अशी रांग लागते. किती परत पाठवायचा ते ठरवणारा नॉब इंटेन्सिटीचा. तो फार फिरवला की प्रत्येक फेरीत आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि मशीन बोंबलायला लागतं. दुसरा नॉब रिपीट रेटचा. तो मोटरचा वेग बदलतो. या दोन नॉबांच्या मधे माझं तारुण्य गेलं, असं म्हणायला मला आनंद वाटतो.

१९८६ च्या नवरात्रात बोईसरला कार्यक्रम होता. तारापूर एमआयडीसीची दुसरी पाळी सुटून माणसं तशीच मैदानात आलेली. गायिकेने शेवटची तान घेऊन वरच्या षड्जावर आवाज ठेवला, आणि मी अंधारात इंटेन्सिटी उतरवायला गेलो तो हात रिपीट रेटवर पडला. नॉब उजवीकडे गेला. गायिका कधीच थांबली होती, पण फितीवरचा तिचा षड्ज थांबेना. तो जवळजवळ पडू लागला, वर चढू लागला, रिषभ, गंधार, मध्यम ओलांडून पाखरासारखा बारीक होत कर्ण्यांमधून मैदानावरून निघून गेला. क्षणभर सगळं चिडीचूप. मला दरदरून घाम फुटला. आणि मग शिट्ट्या, टाळ्या, पुढच्या रांगेतली पोरं उभी राहिलेली.

कार्यक्रम संपल्यावर आमचे बेंजो वाजवणारे मास्तर माझ्याकडे आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते म्हणाले, "हे उद्या पुन्हा काढ. पण गाण्यावर नको, ढोलकीच्या तिहाईवर काढ. तिहाई समेवर आली की मग सोड." दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याला नाव दिलं रॉकेट. "ए, रॉकेट सोड!" अशी मागून आरोळी यायची. केळवे, सफाळे, मनोर, बोईसर, जिथं जाऊ तिथं.

मास्तरांचा बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. हे वाद्य जपानच्या ताइशोगोतोवरून आलं, जे १९१२ साली नागोयात तयार झालं. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, पिकअपला अॅम्प्लिफायर मिळाला आणि अॅम्प्लिफायरला इको. टाइपरायटरसारखी बटणं दाबत मास्तर कोळीगीत काढायचे, तेव्हा प्रत्येक टणत्कारामागे दोन सावल्या चालायच्या. हळदीच्या मांडवातलं बेंजोचं जे रूप आज आपल्या कानात बसलं आहे, त्यात निम्मा वाटा त्या सावल्यांचा आहे.

रॉकेट साधायला मला अख्खा हंगाम लागला. चुकून झालेली गोष्ट मुद्दाम करणं अवघड. आधी समेचा ठोका मशीनमध्ये जाऊ द्यायचा. लगेच माईकचा रस्ता बंद करायचा, नाहीतर पुढचे ठोकेही आत शिरून खिचडी होते. मग इंटेन्सिटी बोंबेच्या अलीकडे, केसभर अलीकडे आणून ठेवायची. आणि मग रिपीट रेट आधी हळू, नंतर वेगात फिरवायचा. मोटर जड, ती नॉबाच्या मागून येते, तेव्हा नॉब तिच्या थोडा पुढे ठेवावा लागतो. बैलगाडी वळवताना बैलाला आधीच इशारा द्यावा तसं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली आणि ती मी वहीत लिहून ठेवली. फितीवर आधीच असलेला आवाज चढतो. मोटरचा वेग स्थिरावल्यावर नवीन दिलेला आवाज मात्र आपल्या मूळ सुरातच परत येतो, फक्त लवकर येतो. म्हणजे मशीनला सूर माहीतच नाही. तिला फक्त वेग माहीत आहे. लिहिताना एक वेग आणि वाचताना दुसरा, यांच्यातला फरक म्हणजे आपल्याला ऐकू येणारी चढण. वेग दुप्पट केला की ठोक्यांमधलं अंतर निम्मं होणार आणि सूर बरोबर एक सप्तक वर जाणार. अंतर निम्मं हवं पण सूर तोच राहू दे, असं मशीनला सांगायची सोयच नव्हती. दोरी एकच. गाडी जवळ येणार तर हॉर्न चढणारच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फीत नसलेले छोटे इको आमच्याकडच्या बाजारात आले. आत हेड नाही, मोटर नाही, एक काळी चिप. इंग्रजीत तिचं नाव बादल्यांच्या रांगेवरून पडलं आहे. आग विझवायला माणसं रांगेने बादल्या पुढे देतात त्यावरून. मला ती समजली स्लॅबवरून. स्लॅब पडताना खालून गच्चीपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात. चिपमध्ये आवाजाचे बारीक बारीक तुकडे असेच एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकतात. रांग संथ हलली तर आवाज उशिरा येतो. मुकादमाने मधेच "चला, चला" केलं, की रांगेत असलेली घमेली भराभर वर पोचतात. आणि तुकडे भराभर पोचले की सूर चढतो. म्हणजे चिपमध्येही दोरी तीच.

या चिपची कल्पना फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली सँगस्टर आणि टीअर या दोघांनी मांडली. आणि त्याच वर्षी आमच्या पुलावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत, अमेरिकेचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणि टेपची यंत्रं मांडून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई त्यामागे होत्या. तिथे काही वर्षं भारतीय तरुण फिती उलटसुलट, मंद-जलद फिरवून संगीत करत होते. त्या फिती पुढे कितीतरी वर्षं पडून राहिल्या आणि २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने लोकांपुढे आल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ताल-यंत्र घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड केली. तिलाही खरे ऐकणारे मिळाले ते २०१० साली ती पुन्हा निघाल्यावर. बोईसरच्या मैदानात आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण नॉब फिरवून आवाजाला पळवणारे हात त्या काळी आपल्याकडे आणखीही होते, हे आज कळल्यावर मला फार बरं वाटतं.

मशीनइतकीच दुसरी विद्या कॅसेट डेकची. डान्सच्या पोरी कॅसेटवर सराव करायच्या आणि मास्तर त्याच गाण्यावर बेंजो लावायला बसले की म्हणायचे, "अरे, हा डेक अर्धा सूर वर आहे." मग मी डेक उघडायचो. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घालून आतला स्क्रू केसभर फिरवला की वेग बदलतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावली पाहिजे. पण आमच्या भागातले फार थोडे डेक तेवढ्याने धावत होते. हार्मोनियमचा षड्ज धरून ठेवायचा आणि डेकचा षड्ज त्याला मिळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. अर्धस्वर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के फरक, हे मला कागदावर कळलं पुष्कळ नंतर. कान आणि मनगट यांनी आधीच शिकवलं होतं.

आता माझा भाचा. तो बोईसरला कंपनीत आहे, दिवसा पाळी करतो आणि रात्री लॅपटॉपवर संगीत. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्याने हेडफोन माझ्या कानाला लावले. "मामा, तुमचं रॉकेट ऐका."

पडद्यावर एक चौकोन आणि त्यात तीन नॉबांची चित्रं. पहिला ठोका आणि दुसरा यांच्यात ५०० मिलिसेकंद. पुढचं प्रत्येक अंतर आधीच्याच्या आठ-दशांश. म्हणजे ५००, ४००, ३२०, २५६… गंमत अशी, की ठोके कितीही असू देत, हे सगळं अडीच सेकंदांत संपतं. बेरीज त्याच्या पलीकडे जातच नाही. अंतर ५० मिलिसेकंदांच्या खाली गेलं की कानाला वेगळे ठोके कळेनासे होतात आणि त्यांचाच एक सूर होतो. १० मिलिसेकंदांवर ठोके पडले तर तो सूर सेकंदाला १०० कंपनांचा. लय इतकी घट्ट होते की तिचा स्वर बनतो. मी हेडफोन काढून त्याच्या स्वयंपाकघरात गेलो, स्टीलची वाटी आणली आणि फरशीवर टाकली. दोघांनी ऐकली. तीच गोष्ट.

पण त्याच्याकडचा तिसरा नॉब माझ्याकडे कधीच नव्हता. तो फक्त सुराचा. ठोक्यांमधलं अंतर आहे तेवढंच ठेवून प्रत्येक आवर्तन एकेक स्वर वर चढवता येतं. उलट, अंतर आवळत नेऊन सूर जागेवर खिळवता येतो. ठोके जलद होत असताना सूर खाली उतरवतासुद्धा येतो, जे पुलावरच्या कुठल्याच गाडीने कधी केलं नाही. हे अगदी आजचं नाही. अमेरिकेतल्या इव्हेंटाइड कंपनीचं एच-९१० हे यंत्र सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलं. त्यात आलेला आवाज सूर बदलून पुन्हा आत पाठवता येई आणि प्रत्येक फेरीत तो जिन्यासारखा एकेक पायरी चढे. डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या ‘लो’ या अल्बममधल्या ड्रमचा विचित्र कोसळणारा आवाज त्याच यंत्राचा. पण त्याची किंमत आणि पालघरचा ऑर्केस्ट्रा यांची गाठ पडणं शक्य नव्हतं. आज तेच भाच्याच्या लॅपटॉपमध्ये आहे.

दोरी तुटली, असं मला त्या रात्री वाटलं. काळ वेगळा, सूर वेगळा. मोबाइलवर पोरं जुनी गाणी पळवून ऐकतात, नाहीतर मंद करून त्यावर घुमारा चढवतात, बोटाच्या एका टिचकीने. भाच्याचं काम त्यातलं नाही. तो खपून करतो. त्याने तारप्याचा आवाज रेकॉर्ड करून आणला होता. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वारली वादक श्वास न तोडता रात्रभर फुंकतो आणि नाचणारी साखळी त्याच्याभोवती फिरते. चाल बदलली की पावलं बदलतात. भाच्याने त्याला चढता डिले, म्हणजे आमचं रॉकेटच, लावला होता. मी त्याला म्हटलं, "शेवटी लाव, मधे नको. मधे लावलास तर वाजवणाऱ्याचा दम ऐकू येत नाही." त्याने ऐकलं. आधीपेक्षा चांगलं झालं, हे त्यानेच कबूल केलं.

मला जे आठवतं आणि आज कुठे सापडत नाही, ते नॉबाचं वजन. रॉकेट सोडताना फीत कुठे आहे, मोटर किती मागे आहे, इंटेन्सिटी बोंबेच्या किती जवळ आहे, हे सगळं तळहाताला कळायचं. आणि एकदा सोडलेलं रॉकेट परत मागवता येत नसे. हजार माणसं ते एकाच वेळी, एकाच आकाशाखाली ऐकायची, आणि दुसऱ्या रात्रीचं पहिल्या रात्रीसारखं कधीच नसायचं. भाच्याच्या हेडफोनमधलं रॉकेट माझ्यापेक्षा सुबक आहे. हजार वेळा लावलं तरी हजार वेळा तेच. मला ते कमअस्सल वाटत नाही. पण मैदान त्यात नाही.

आणि तरीही, या नव्या यंत्राने मला जे परत दिलं, ते जुन्याने चाळीस वर्षं दिलं नव्हतं.

माझी आजी धवलारीण होती. गावात लग्न असलं की हळद, मांडव, नवरदेवाची आंघोळ, प्रत्येक विधीला धवला म्हणायला तिला बोलावणं असायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रात्रभर गाणं पुरायचं. तिचा आवाज भरदार, जरा पुरुषी, जमिनीला धरून. मे १९८७ मध्ये ताईचं लग्न झालं, म्हणजे या भाच्याच्या आईचं. आजी थकली होती, तेव्हा मी ठरवलं, या वेळी रेकॉर्ड करायचंच. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवला, साठ मिनिटांची कॅसेट घातली आणि मांडवातल्या धावपळीत निघून गेलो. सेल जुने होते. बदलायचे राहिले.

सेल उतरत गेले तशी फीत मंद होत गेली. लिहिताना फीत मंद आणि वाचताना नेहमीच्या वेगाने, म्हणजे काय होणार ते मला वेगळं शिकायची गरज नव्हती. कॅसेट घरच्या डेकवर लावली. सुरुवातीला आजी. पाच मिनिटांनी आजी जरा घाईत. पंधरा मिनिटांनी कोणी तरुण बाई. बाजू संपायला आली तेव्हा एक लहान मुलगी भराभर काहीतरी म्हणत होती. बोईसरच्या मैदानात ज्या रॉकेटवर लोक नाचले, तेच माझ्या आजीचं झालं होतं, तीस मिनिटांत सावकाश. आईने ऐकलं आणि म्हणाली, "ही माझी सासू नव्हेच. बंद कर." दोन वर्षांनी आजी गेली.

मी किती वेळा तो डेक उघडून बसलो असेन! मोटरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर, कॅसेट चालू, आणि आजी जशी चढेल तसा मी हाताने वेग उतरवायचा. दोन-तीन मिनिटं जमायचं. मग माझा सूर सुटायचा, कारण ताडून बघायला जवळ काहीच नव्हतं. आजी पेटी घेऊन थोडीच गात होती? तिचा षड्ज तिच्या गळ्यात होता आणि तो तिच्याबरोबर गेला.

मागच्या मेमध्ये भाच्याने ती कॅसेट मागितली. लॅपटॉपवर घेतली आणि आवाजाचं चित्र काढलं. खाली खर्ज, वर तार, डावीकडून उजवीकडे वेळ. खालच्या बाजूला त्याने मला दोन बारीक रेघा दाखवल्या. एक सरळ, १०० कंपनांवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ती आमच्या आताच्या डेकची घुरघुर. दुसरी तिथेच सुरू होऊन हळूहळू वर वळत शेवटी १२२ वर पोचलेली. "मामा, त्या दिवशी मांडवात काय चालू होतं?"

मांडवात अॅम्प्लिफायर होता. मीच लावलेला. आपली वीज ५० कंपनांची आणि अॅम्प्लिफायरची घूं तिच्या दुप्पट, १००. इकडेतिकडे थोडी हलते, पण २२ ने नाही. म्हणजे आजीच्या मागे सगळा वेळ एक तानपुरा चालू होता आणि मला तो कधी ऐकूच आला नव्हता. ती वळलेली रेघ सरळ करायची, की आजी आपोआप जागेवर येणार. सुमारे साडेतीन अर्धस्वर खाली.

इथे एक गोष्ट घडली ती मला मुद्दाम सांगायची आहे. भाच्याने आधी फक्त सूर उतरवला, वेग तसाच ठेवून. आवाज खाली आला, पण माणूस आला नाही. धवल्याचे शब्द घाईतच राहिले आणि श्वास खोटे वाटले. मी म्हटलं, "दोन्ही एकत्र उतरव. फीत होती ती." त्याने तो नवा नॉब बंद केला आणि सूर व वेग पुन्हा एका दोरीत बांधले. तीस मिनिटांची बाजू तेहेतीस मिनिटांची झाली.

ताईला बोलावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. दहाव्या की बाराव्या मिनिटाला आजी खोकते, कोणाला तरी पाणी आणायला सांगते आणि पुन्हा गायला लागते. मागे लांबवर पुलावरून एक गाडी जाते. हॉर्न ताठ येतो आणि बसतो. ताई म्हणाली, "आता आजी." इतकंच.

वैतरणेवर आता नवी गाडी येते आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा तिथला पूल २ किलोमीटरहून लांब, त्या मार्गावरचा सर्वांत लांब. ताशी ३२० किलोमीटरने जाताना तिने हॉर्न दिलाच, तर तो नऊ अर्धस्वर कोसळेल. शुद्ध धैवतावरून षड्जावर. मी ऐकायला जाणार आहे.

तोवर एक विनंती. पालघर, सफाळे, बोईसर, वाडा, जव्हार, कुठल्याही घरात अशा कॅसेटी अजून असतील. धवले, तारपा, भजनं, आजोबांचं बोलणं. फीत दरवर्षी थोडी थोडी झडते आहे, तेव्हा त्या लवकर लॅपटॉपवर घ्या. आणि घेताना दुकानदार म्हणेल, "खरखर-घुरघुर साफ करून देतो." त्याला तसं करू देऊ नका. आधी जशी आहे तशी, सगळ्या घुरघुरीसकट एक प्रत काढून घ्या. तुमच्या माणसाचा खरा सूर त्या घुरघुरीतच सापडण्याची शक्यता आहे.